तात्याला तहान लागत नाही

तात्याला तहान लागत होती. सुरुवातीपासून लागत होती, आणि हे उघडकीला आलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ठिबकला झालं.

हे वाचलं नाही असं समजावं. कारण ही गोष्ट सुरू होते तेव्हा तात्याला तहान लागत नव्हती. प्रयोगशाळेत ते सगळ्यांनी मान्य केलं होतं आणि तिथल्या प्रमुख मॅडमनी त्यापायी पाहुण्यांना जेवायलाही बोलावलं होतं. एवढं सगळं ठरल्यावर तहान लागणं तात्याला शोभलं नसतं.

तात्या म्हणजे उंदीर. प्रयोगशाळेतला सगळ्यात म्हातारा. एका कानाचा कोपरा कधीतरी भांडणात गेलेला, आणि माणूस डोकावला की तोंड फिरवून बसणारा. त्याला नंबर होता, पण तो कुणी वापरत नसे. नंबरावर रागावता येत नाही, आणि तात्यावर सगळ्यांनाच रागवायचं असे.

ठिबक म्हणजे माणूस. तात्याचं खाणंपिणं बघायचं काम त्याच्याकडे होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याने पिंजऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या अशा काही बसवल्या, की संध्याकाळी सगळे पिंजरे भिजलेले आणि सगळे उंदीर वरच्या जाळीला लटकलेले. तेव्हापासून ठिबक. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं, आणि ते ओळखपत्रही त्या दिवशी भिजलं होतं.

जेवताना तहान का लागते आणि प्यायल्यावर कुठे जाते, हे बघायचं, एवढंच त्या प्रयोगशाळेचं काम. वाटतं तितकं ते सोपं नाही. मेंदूच्या मधोमध, कुणाचं सहसा लक्ष जात नाही अशा जागी, तहानेची एक छोटीशी कचेरी असते. जगातल्या बाकी कचेऱ्यांची कामं रखडतात, हिची वेळेआधी होतात. जेवण रक्तात उतरून रक्त घट्ट व्हायला बराच वेळ लागतो, पण ही कचेरी तेवढं थांबत नाही. पहिले घास पोटात पडले की ‘पुढे पाणी लागणार आहे, आत्ताच मागवा’ असा हुकूम सुटतो आणि आपला हात पेल्याकडे जातो. प्यायल्यावर तर कमालच. चार घोट घशाखाली उतरतात न उतरतात, तोच कचेरी ‘पाणी मिळालं’ म्हणून सही ठोकते आणि दिवे घालवते. ते पाणी रक्तापर्यंत पोहोचायला अजून अवकाश असतो. कचेरीला त्याचं काही नाही. घोटाच्या शब्दावर तिचा विश्वास असतो.

तर या कचेरीत काय चाललंय ते कळावं म्हणून उंदराच्या डोक्यात केसासारखी बारीक काचेची तार बसवलेली असे. तिची देखभाल करणारी ती तारवाली. कचेरीत धावपळ सुरू झाली की तारवालीच्या पडद्यावर रेघ वर चढे. उंदराने बाटलीच्या नळीला जीभ लावली की ‘टिक’ असा आवाज होई. बाकीचे उंदीर शहाण्यासारखे वागत. कोरड्या खाण्याचा गोळा कुरतडायचा, रेघ वर, धावत बाटलीकडे, टिक टिक टिक टिक, रेघ खाली. तात्या गोळा कुरतडायचा, रेघ जेमतेम मान वर करून बघायची, तात्या मिशा पुसायचा आणि झोपायचा. टिक नाही की काही नाही.

“तार तुटली असेल,” ठिबक म्हणाला.

“तुझी बाटली तुंबली असेल,” तारवाली म्हणाली.

तारवालीने तार तपासली, ती धडधाकट होती. ठिबकने बाटली उलटी करून झटकली, पाणी त्याच्याच बुटात गेलं.

“तुंबलेली नाही,” तो म्हणाला.

“दिसतंय,” ती म्हणाली.

मॅडमनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. मग मॅडम तात्याच्या पिंजऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी खुर्ची ओढलेली आजवर कुणी पाहिली नव्हती, त्या कायम उभ्या असत.

“माझ्या आईचं असंच झालंय,” त्या म्हणाल्या. “जेवते, पण पाणी मागत नाही. मध्ये चक्कर येऊन पडली, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही. मी विचारलं, आई, तहान लागत नव्हती का? तर म्हणते, नाही गं, कोणी आठवण करून दिली नाही. समोर पेला ठेवला तर विचारते, हा कुणाचा?”

तात्याने तोंड फिरवलं.

“म्हातारपणी ही कचेरी कुठे बंद पडते, ते हा आपल्याला दाखवणार आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच दिवशी पाहुण्यांना फोन केला. पाहुणे म्हणजे या विषयातले मोठे सर, ज्यांची मान्यता मिळाली की काम पुढे जातं आणि नाही मिळाली की मागे जायलाही जागा राहत नाही.

आता काकडीबद्दल सांगायला हवं.

ठिबकच्या बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर वर न्यायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गॅलरीत काकडीचा वेल लावला. त्याला चढायला अशी दणकट तार ओढली, की त्या तारेला लटकून माणूसही वर गेला असता. माणूस गेला नाही, वेल गेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत शिरला. काकू तक्रार घेऊन आल्या तेव्हा बाबा म्हणाले, “काळजी करू नका, तुमच्या मजल्यावर थांबणारा नाही तो. त्याला गच्चीवर जायचंय.”

घरात काकड्या इतक्या झाल्या, की फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही. एकदा आई चपलांच्या कपाटातून एक काकडी हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “ही इथे कशी, हे मी विचारणार नाहीये.”

ठिबकला काकडी आवडत नसे. चव नसलेल्या गोष्टीचा एवढा आवाज कशाला, असं त्याला लहानपणापासून वाटे. पण बाबा रोज सकाळी स्वतः सालं काढत, नटाखालच्या वायसरसारख्या एकसारख्या चकत्या करत, मिठाची पुडी वेगळी बांधत, आणि संध्याकाळी दारातच विचारत, “काकडी संपली?” नाही म्हणायची ठिबकची छाती होत नसे. फेकवतही नव्हत्या. मग त्याला तात्या सापडला.

उंदरांच्या खोलीत मोठी पाटी होती, ‘येथे खाऊ नये.’ ठिबक तिथे खात नव्हता. उंदीर खात होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं. दुपारच्या प्रयोगासाठी तात्याला त्याच्या पिंजऱ्यातून काढून तारेच्या खोक्यात ठेवावं लागे, त्याच्या जरा आधी ठिबक जाळीतून एकेक चकती आत सरकवी. म्हातारा मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही हातांनी ती धरी आणि कडेकडेने खात मध्यापर्यंत येई. अख्ख्या जगाकडे पाठ करून बसणारा तो प्राणी ठिबकची चाहूल लागली की जाळीला येऊन उभा राहू लागला. ठिबकला वाटलं, आपल्यात काहीतरी आहे.

डबा रिकामा येऊ लागला तसे बाबा खुलले. “आवडतात ना? सांगायचं की,” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मोठा डबा आला. मोठा डबाही रिकामा आला. मग दोन डबे आले. जसजसे डबे वाढले तसतशी तात्याची रेघ सपाट होत गेली, आणि जसजशी रेघ सपाट झाली तसतसा मॅडमचा चेहरा उजळत गेला. घरी बाबा खूश, इथे मॅडम खूश, पिंजऱ्यात तात्या खूश. इतक्या लोकांना एकाच वेळी खूश ठेवायचा ठिबकच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्यामुळे त्याला कसलाही संशय आला नाही.

दिवसभर पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या माणसाला हे कसं कळलं नाही, असं कुणीही विचारेल. नंतर सगळ्यांनी विचारलंच. त्यावर एकच उत्तर होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. ठिबकच्या लेखी काकडी हे खाणंही नव्हतं आणि पाणीही नव्हतं. ती बाबांची होती.

पाहुणे यायच्या दिवशी बाबांनी सगळ्या काकड्या पाहुण्यांसाठी दिल्या. डब्यात नाही, मोठ्या पातेल्यात, वरून फडकं बांधून. “तुझ्या साहेब लोकांना दे. तू रोज खातोसच,” म्हणाले. तात्याच्या वाटणीला त्या दिवशी काही उरलं नाही. ठिबकच्या ते लक्षात आलं, पण एक दिवस उपास घडला तर म्हातारा मरत नाही, असा विचार करून त्याने तो विषय सोडून दिला.

जेवण मीटिंगच्या खोलीत होतं. बाहेरून मागवलेलं, कोरडं, घशाला धरून बसणारं. टेबलाशी चौघंच होती. मोठे सर मऊ बोलणारे निघाले. तात्याबद्दल त्यांनी बारीकसारीक चौकशी केली आणि मॅडम उत्तरं देताना मध्येच हसल्या. ते हसू बघून तारवालीने टेबलाखालून ठिबकच्या पायाला पाय लावला, म्हणजे बघ, आपण जिंकलो.

मोठ्या सरांनी जेवण नावापुरतं घेतलं आणि पातेलं जवळ ओढलं. चकतीमागून चकती. पेला भरलेला तसाच.

“सर, पाणी घ्या की,” मॅडम म्हणाल्या.

“नको हो. काकडी खाल्ली की पाण्याची आठवणच होत नाही,” ते म्हणाले. “काकडी म्हणजे काय, पाणीच ते. फक्त उभं राहायला शिकलेलं.”

सगळे हसले. ठिबकही हसायला लागला आणि अर्ध्यात त्याचा घास जागच्या जागी थांबला.

घास थांबला, पण कचेऱ्या थांबत नाहीत. तहानेची थांबली नाही आणि तिच्या शेजारी लाजेची एक असावी, तीही वेळेआधी कामाला लागली. अजून कुणाला काही कळलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं, मॅडम हसतच होत्या, तरी ठिबकचे कान तापले, तोंडचं पाणी पळालं, घशाला अशी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटली. त्याने आधी स्वतःचा पेला रिकामा केला, मग तारवालीचा.

“माझा होता तो,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला.

तहान गेली. ठरल्याप्रमाणे, घोटांच्या शब्दावर. बाकी सगळं होतं तिथेच होतं.

“चला,” मॅडम उठल्या. “तात्याची वेळ झाली.”

“मी पुढे होऊन बघतो,” ठिबक म्हणाला. पातेल्याच्या तळाशी एकच चकती उरली होती. ती त्याच्या हातात कशी आली ते हाताला माहीत.

तात्या जाळीला येऊन उभा होता. रोजच्यासारखा, दोन्ही हात पुढे करून. चकती दिली तर आजची रेघ जरा तरी दबेल. मोठे सर मान डोलावतील, काम पुढे जाईल, मॅडम हसतील. नाही दिली तर सगळ्यांदेखत टिक टिक टिक टिक. धावत परत जाऊन ‘मॅडम, एक मिनिट’ म्हणणं हा तिसरा मार्गही होता, पण त्या मार्गावर ठिबकचे पाय नव्हते. त्याने चकती जाळीत घातली. अर्धी आत गेली. तात्याने तिकडून दात रोवले. मग ठिबकने ती सोडली नाही. तात्यानेही सोडली नाही. दोघं तसेच, एकाच चकतीला दोन बाजूंनी धरून, एकमेकांकडे बघत राहिले. देणार होता की काढून घेणार होता, हे ठिबकला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“हे काय आहे?” मॅडम दारात होत्या. एकट्या.

“काकडी.”

“ते दिसतंय. कधीपासून?”

“आमच्या वेलाला लागायला लागल्यापासून.”

“रोज?”

“रोज.”

“किती?”

“बाबा देतील तेवढी.”

मॅडम ओरडल्या असत्या तर ठिबकला बरं वाटलं असतं, त्याने त्यासाठी खांदेही आवळून ठेवले होते. त्या पुढे आल्या, तात्याच्या दातांतून चकती हलकेच सोडवली, नि ती ठेवायला जागा दिसेना म्हणून स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकली.

“मला आत्ताच कळलं,” ठिबक म्हणाला. “सर बोलले तेव्हा.”

“आणि कळल्यावर तू इथे आलास,” मॅडम म्हणाल्या. त्यात प्रश्न नव्हता.

मग सगळे जमले. तात्याला खोक्यात ठेवला, तार लावली, कोरडा गोळा समोर आला. मॅडम सरळ उभ्या राहिल्या.

“सर, तुम्हाला मी काहीतरी वेगळं दाखवायला बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते नाहीये. आमच्याकडून चूक झाली. याला प्रयोगाआधी काकडी मिळत होती. आज मिळालेली नाही. बघा.”

आमच्याकडून, असं त्या म्हणाल्या. त्या एका शब्दाने ठिबकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारवालीने पडद्यावरची नजर काढली नाही, पण तिची मान हळूहळू लाल होत गेली.

तात्याने गोळा कुरतडला. रेघ उठली ती ताठ वर गेली. म्हातारा बाटलीकडे धावला, तरण्या उंदरासारखा, आणि प्यायला. टिक टिक टिक टिक. त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. थांबेल थांबेल म्हणून सगळे वाट बघत होते आणि तात्या मागची सगळी कसर काढत होता. शेवटी रेघ खाली आली, तात्याने मिशा पुसल्या आणि सगळ्यांकडे पाठ केली.

“छान पितो की,” मोठे सर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. मग ठिबककडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, “काकडी मात्र फार चांगली होती.”

ते गाडीत बसून गेले. त्यांच्याबरोबर जे पुढे जायचं होतं ते गेलं नाही. ठिबक पातेलं धुवायला नळापाशी उभा होता तेव्हा पलीकडच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला. फोनवर होत्या.

“आई, जेवलीस? समोर पेला आहे बघ. पी तो.” मग थोडं थांबून, “हो. तुझाच आहे.”

ठिबकने नळ मोठा केला.

घरी बाबांनी दार उघडलं ते पातेल्यात बघतच. “पाहुण्यांना आवडल्या?”

“आवडल्या. फार चांगल्या होत्या म्हणाले.”

“बघ. आणि तू म्हणत होतास, साहेब लोक काकडी खात नाहीत.” बाबा पातेलं घेऊन आत वळले.

इथे गप्प बसता आलं असतं. पण एका दिवसात एका माणसाने किती वेळा गप्प बसावं, यालाही मर्यादा आहे.

“बाबा, मी खात नव्हतो,” ठिबक म्हणाला. “डब्यातल्या. तात्या खायचा.”

“तात्या कोण?”

“उंदीर.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाबांनी गॅलरीकडे पाहिलं. वेलाचा शेंडा केव्हाच दिसेनासा झाला होता, नुसती तार वर गेलेली दिसत होती.

“सगळ्या?”

“हो.”

“तू तर संपल्या म्हणायचास.”

“संपायच्या.”

“त्याला आवडायच्या?”

“जाळीला येऊन उभा राहायचा.”

“मीठ लावून द्यायचास?”

“नाही.”

“बरं केलंस. म्हाताऱ्याला मीठ नको,” बाबा म्हणाले आणि पातेलं जागेवर ठेवून आले.

ते रागावले नाहीत. जेवताना त्यांनी काकडीची ताटली उचलली, ठिबकच्या पानावरून पलीकडे नेली आणि आईसमोर ठेवली. आग्रह नाही, काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ठिबकच्या पानात काकडी पडली नाही. आईने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा ठिबककडे, आणि ताटली दोघांच्या बरोबर मध्ये सरकवली.

ठिबकने हात लांब करून एक चकती घेतली. ती खाताना एवढा आवाज झाला, की वरच्या काकूंनाही ऐकू गेला असावा. कुणी वर बघितलं नाही. त्याने दुसरी घेतली. तिचाही तसाच आवाज झाला. काकडीत पाणीच पाणी असतं म्हणतात, पण त्याचा घसा कोरडाच राहिला, म्हणून त्याने पेला उचलला. तिसऱ्या घोटाला तहान गेली. पाणी अजून पोटातही नीट पोहोचलं नसेल. कचेरीने सही केली, दिवे घालवले, घरी गेली. शेजारच्या कचेरीतले दिवे मात्र भकभक जळत होते आणि तिथलं कुणी उठायचं नाव घेत नव्हतं. तेव्हा खाली मान घालून, तिसरी चकती चावता चावता, ठिबकने मनातल्या मनात पुढील मजकूर रचला.

प्रति, माननीय प्रमुख, लाज खाते, मेंदू. विषय: तहान खात्याप्रमाणे सवलत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की अर्जदाराने खरे काय ते दोन्ही ठिकाणी तोंडाने सांगितले आहे. सदर सांगणे संबंधितांच्या मनापर्यंत पोहोचून त्याचा उपयोग होण्यास अवधी लागेल, याची अर्जदारास जाणीव आहे. तथापि शेजारील तहान खाते पाणी रक्तात पोहोचण्याची वाट न पाहता केवळ घोटांच्या शब्दावर प्रकरण निकाली काढते, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. तरी त्याच धर्तीवर अर्जदाराचे प्रकरणही आजच, निदान हे जेवण संपण्यापूर्वी, बंद करण्यात यावे, ही विनंती.